आजोबांसाठी ई-स्कूटर घेताय? भोर-वेल्ह्याचा चढ आधी मोजा

लायसन्स नको, आरटीओ पासिंग नको, चार्जिंग घरच्या साध्या सॉकेटवर. कमी वेगाच्या ई-स्कूटरची ही जाहिरात पाहिली की गावाकडच्या आजोबांसाठी एक घ्यावीशी वाटते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. पण भोर किंवा वेल्हे (आता राजगड) तालुक्यात वाडीपासून फाट्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर कसे जायचे, हा प्रश्न उरतोच.

आधी नियम बघू. मोटर २५० वॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल, आणि तसं एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने प्रमाणित केलं असेल, तर कायद्याने ते ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. दुकानात हे प्रमाणपत्र मागाच.

आता खरी गोम. समजा आजोबा ६० किलो आणि गाडी ८० किलो. सपाट रस्त्यावर ताशी २० किमीसाठी चाकाला साधारण १७० वॅट लागतात, म्हणजे काम भागतं. पण १०० मीटरला १० मीटर चढ आला की ओढायला सुमारे १५५ न्यूटन बळ लागतं. मोटरच्या २५० वॅटपैकी २०० चाकापर्यंत पोचले, तर वेग मिळतो ताशी जेमतेम साडेचार किमी. म्हणजे शेजारून चालणारा माणूस पुढे जाईल!

नियमातले २५० वॅट हे मोटर सलग ३० मिनिटं देऊ शकेल अशा पॉवरचे आहेत. क्षणभर ती जास्तही देते, म्हणून दुकानासमोरचा छोटा चढ गाडी झोकात चढते. पाबे घाटासारख्या लांब चढावर मात्र हब मोटर कमी फेऱ्यांवर तापत जाते आणि कंट्रोलर पॉवर कापतो.

‘मोठी बॅटरी टाकून देतो’ याने हे सुटत नाही. २०० मीटर उंची चढायला जेमतेम १०० वॅट-तास जादा लागतात. ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत साडेअकराशे असतात. अडचण मोटरची आहे, बॅटरीची नाही. ‘लॉक काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. मर्यादा ओलांडली की ती विनानोंदणी, विनाविमा मोटारगाडी ठरते आणि अपघात झाला तर निस्तरायचं घरच्यांनी.

उताराचंही बघा. घर वर असेल तर फुल चार्ज करून निघाल्यावर पहिलाच उतार येतो. भरलेल्या बॅटरीत ब्रेकची ऊर्जा परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे सगळा भार साध्या ब्रेकवर पडतो. तीन चाकी गाडी उभी असताना तोल सांभाळते हे खरं, पण वळणावर ती झुकत नाही. वेगात वळवली तर आतलं चाक उचललं जातं.

रस्ता खूपच चढाचा असेल तर आजोबांच्या हाती गाडी देण्यापेक्षा वाडीत नोंदणी केलेली एखादी सामायिक ई-रिक्षा मला जास्त शहाणपणाची वाटते. चालवणारा लायसन्सवाला तरुण. माथेरानच्या डोंगरात डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर.

तरी स्कूटरच घ्यायची असेल, तर फोन रस्त्याला समांतर धरून लेव्हल अ‍ॅपमध्ये कोन बघा. सहा अंश म्हणजे साधारण वर सांगितलेला १० टक्क्यांचा चढ. सगळ्यात अवघड टप्प्यावर आजोबांच्या वजनाचा माणूस बसवून गाडी मध्येच थांबवा, हँडब्रेक लावा आणि तिथूनच पुन्हा वर काढून दाखवायला सांगा. पैसे त्यानंतर द्या.