अण्वस्त्रांचा धाक आणि हेगचा अर्धा कौल

नेदरलँड्समधील हेग शहराच्या 'पीस पॅलेस'मध्ये ७ नोव्हेंबर १९९५ रोजी जपानमधील दोन महापौर आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभे राहिले. एक हिरोशिमाचे ताकाशी हिराओका, दुसरे नागासाकीचे इत्चो इतो. बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या माणसांची छायाचित्रे इतो यांनी सोबत आणली होती. ती त्यांनी न्यायाधीशांना दाखविली. अण्वस्त्रांचा वापर हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग आहे, असे दोघांनीही नि:संदिग्धपणे सांगितले. चमत्कारिक गोष्ट अशी, की ज्या जपान सरकारच्या वतीने ते हेगला आले होते, त्या सरकारने मात्र वस्तुस्थितीच्या कथनापलीकडची महापौरांची विधाने ही सरकारची भूमिका असेलच असे नाही, हे न्यायालयात स्पष्ट करून ठेवले. अणुबॉम्बचा घाव सोसलेला हा देश तेव्हाही अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्राखाली होता आणि आजही आहे.

नि:शस्त्रीकरणाची चर्चा एरवी 'शस्त्रे वाईट, शांतता चांगली' या निरुपद्रवी वाक्याभोवती घोटाळत राहते. त्या वाक्याला कोणाचाच विरोध नसतो. खरा वाद त्याच्या पुढे आहे. जे शस्त्र वापरणे अमानुष आहे, ते वापरण्याची धमकी देऊन शांतता राखणे नैतिक ठरते काय? आणि देशाच्या अस्तित्वावरच बेतले, तर? जगातील सर्वोच्च न्यायपीठाला या प्रश्नाचे उत्तर एकदाच द्यावे लागले. ८ जुलै १९९६ रोजी दिलेल्या त्या सल्लावजा मतात उत्तर आहे, पण ते अर्धेच आहे.

एका निवृत्त न्यायदंडाधिकाऱ्याची कल्पना

हा प्रश्न न्यायालयापर्यंत कोणत्याही बड्या राष्ट्राने नेला नाही. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथील निवृत्त न्यायदंडाधिकारी हॅरोल्ड इव्हान्स यांनी १९८७ मध्ये एक खुले पत्र लिहून तशी मागणी केली. पुढे डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि शांतता चळवळीतील संघटनांनी ती उचलून धरली. 'वर्ल्ड कोर्ट प्रोजेक्ट' या नावाने चाललेल्या या मोहिमेने सदसद्विवेकाची जाहीर निवेदने गोळा केली. त्यांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली व त्यांतील बहुतेक जपानी नागरिकांची होती.

सह्यांच्या गठ्ठ्यांना न्यायालयात काय किंमत, असे कोणी म्हणेल. परंतु त्यामागे एक पक्का कायदेशीर आधार होता. रशियाच्या झारने बोलावलेल्या १८९९ च्या हेग परिषदेत मार्टेन्स या रशियन विधिज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे कलम स्वीकारले गेले. करारात एखाद्या गोष्टीचा उल्लेख नसला, तरी माणुसकीचे नियम आणि लोकांच्या सदसद्विवेकाचे आदेश युद्धातही लागू राहतात, असा त्याचा आशय. याच परिषदेत शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या 'डमडम' गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यावरून नाव पडलेल्या या गोळ्यांच्या बाजूने तेव्हा ब्रिटन भांडले होते, हे जाता जाता नमूद करायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९४ मध्ये न्यायालयाचे मत मागितले. आमसभेचा ठराव ७८ विरुद्ध ४३ मतांनी संमत झाला. ३८ देश तटस्थ राहिले. आरोग्य संघटनेचा प्रश्न तिच्या कार्यकक्षेबाहेरचा म्हणून न्यायालयाने नाकारला. आमसभेचा मात्र स्वीकारला.

धाकाची बाजू

अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांनी न्यायालयापुढे आपली बाजू मांडली. चीनने कार्यवाहीत भागच घेतला नाही. या देशांचा मुख्य मुद्दा असा, की अण्वस्त्रांवर सरसकट बंदी घालणारा एकही करार अस्तित्वात नाही आणि एखाद्या वापराची वैधता त्या वेळच्या परिस्थितीवर ठरेल. ब्रिटनने तर भर समुद्रातील युद्धनौकेवर किंवा विरळ वस्तीतील सैन्यावर कमी क्षमतेच्या अण्वस्त्राचा वापर केल्यास नागरिकांची हानी फारशी होणार नाही, असे उदाहरण दिले. याउलट प्रशांत महासागरातील छोट्या बेटांनी आपला अनुभव सांगितला. मार्शल बेटांवर १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने ६७ अणुचाचण्या केल्या. तेथील रोंगेलॅप बेटावरच्या एका महिलेने चाचण्यांनंतर जन्मलेल्या विकृत अर्भकांचे जे वर्णन न्यायालयात केले, त्यानंतर 'विरळ वस्ती' या शब्दांचा अर्थ वेगळा वाटू लागतो.

धाकाच्या समर्थनार्थ सर्वांत भेदक युक्तिवाद मात्र एका न्यायाधीशाने केला. अमेरिकेचे न्या. स्टीफन श्वेबेल यांनी आपल्या भिन्नमतात जानेवारी १९९१ मधील जिनिव्हाच्या भेटीचा दाखला दिला. आखाती युद्धाच्या तोंडावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी इराकच्या तारिक अझीझ यांना रासायनिक वा जैविक अस्त्रे वापरल्यास भीषण परिणामांचा इशारा दिला. इराकने तो अण्वस्त्रांचा इशारा समजून घेतला आणि ती अस्त्रे वापरली नाहीत. श्वेबेल यांचा सवाल सरळ होता : बेकायदा अस्त्रांचा वापर ज्या धमकीने टळला, ती धमकी बेकायदा कशी?

या सवालाला बगल देता येत नाही. तथापि या कथेला आणखी एक पदर आहे. अध्यक्ष बुश यांनी अण्वस्त्रे न वापरण्याचेच ठरविले होते, असे बेकर यांनी नंतर आठवणींत लिहिले. म्हणजे ती हूल होती. हूल एकदा चालते. धाक टिकवायचा, तर त्यावर विश्वास बसावा लागतो. आणि विश्वास बसण्यासाठी पाणबुडीत, क्षेपणास्त्राच्या तळावर, आज्ञा मिळताच कळ दाबणारी माणसे चोवीस तास खरोखर सज्ज ठेवावी लागतात. नुसती धमकी आणि प्रत्यक्ष तयारी यांतील सीमारेषा येथे पुसली जाते.

सात विरुद्ध सात

पंधरांपैकी एका न्यायाधीशाचे निधन झाल्याने पीठावर चौदा जण उरले होते. अण्वस्त्रांचा वापर किंवा धमकी ही सर्वसाधारणपणे युद्धविषयक कायद्याच्या, विशेषत: मानवतावादी कायद्याच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र लगेच पुढे जोडले, की राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागलेले असताना, आत्मसंरक्षणाच्या टोकाच्या परिस्थितीत हा वापर वैध ठरेल की अवैध, हे न्यायालयाला निश्चितपणे सांगता येत नाही. या परिच्छेदावर सात-सात अशी समसमान मते पडली आणि अध्यक्ष, अल्जीरियाचे न्या. मोहम्मद बेजावी यांच्या निर्णायक मताने तो संमत झाला.

आकड्यांवर जाऊ नये. विरोधात मत देणाऱ्या सातांपैकी तिघांचा आक्षेप न्यायालय पुरेसे पुढे गेले नाही, हा होता. श्रीलंकेचे न्या. क्रिस्तोफर वीरमंत्री, गयानाचे न्या. शहाबुद्दीन आणि सिएरा लिओनचे न्या. कोरोमा यांना अपवादाची फट मुळीच नको होती. म्हणजे 'सर्वसाधारणपणे अवैध' एवढ्यापुरते पाहिले, तर चौदांपैकी दहा न्यायाधीश एका बाजूला येतात.

वीरमंत्री यांचे प्रदीर्घ भिन्नमत मराठी वाचकाने आवर्जून वाचावे असे आहे. युद्धातही मर्यादा असते ही कल्पना युरोपची मक्तेदारी नाही, हे दाखविण्यासाठी त्यांनी ख्रिस्ती, इस्लामी, बौद्ध परंपरांबरोबर रामायण-महाभारताचे दाखले दिले. शस्त्र न उचललेल्यांसह शत्रूचा सारा वंश नष्ट करणारे अस्त्र वापरण्यापासून राम लक्ष्मणाला परावृत्त करतो. हाती पाशुपतास्त्र असूनही अर्जुन ते वापरत नाही. पुराणांत अणुबॉम्ब होते काय, या आपल्याकडील आवडत्या वादापेक्षा पुराणांतील माणसांनी अस्त्र आवरले कसे, हा प्रश्न हेगमध्ये विचारला गेला, याचे अप्रूप वाटते.

आणखी एक परिच्छेद मात्र एकमताने संमत झाला. अण्वस्त्रांचे नि:शस्त्रीकरण घडवून आणणाऱ्या वाटाघाटी सद्भावनेने करणे आणि त्या पूर्णत्वास नेणे हे राष्ट्रांचे कर्तव्य आहे, असे सर्व चौदा न्यायाधीशांनी म्हटले. त्यात अण्वस्त्रधारी देशांचे न्यायाधीशही होते.

भारत : दोन्ही बाजूंना

या प्रकरणात भारताने जून १९९५ मध्ये लेखी निवेदन सादर केले होते. अण्वस्त्रांचा वापर, अगदी प्रत्युत्तरादाखलही, बेकायदा आहे, अशी त्यातील भूमिका होती. अण्वस्त्रांच्या धाकाचे धोरण मानवी भावनेला किळसवाणे वाटणारे आहे, कारण स्वत:च्या अस्तित्वासाठी राष्ट्र स्वत:च्या व शत्रूच्या जनतेचीही निर्दय उपेक्षा करील, हे त्यात गृहीत आहे, असा त्याचा रोख होता. न्यायालयाने पुढे ज्या अपवादापाशी हात टेकले, नेमक्या त्यावरच भारताने आधी बोट ठेवले होते.

त्याआधी ९ जून १९८८ रोजी राजीव गांधी यांनी आमसभेत २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाचा कालबद्ध आराखडा मांडला होता. बड्यांनी तो मनावर घेतला नाही. कौल येण्याच्या तीनच आठवडे आधी, २० जून १९९६ रोजी, अरुंधती घोष यांनी जिनिव्हात सर्वंकष अणुचाचणीबंदी करारावर भारत सही करणार नाही, असे सांगितले. त्यात शेजारच्या अण्वस्त्रांचा आणि राष्ट्रीय सुरक्षेचा उल्लेख होता. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या. १९७४ च्या पहिल्या स्फोटासाठी प्लुटोनियम मुंबईतील तुर्भ्याच्या 'सायरस' अणुभट्टीतून आले होते आणि ती भट्टी कॅनडाने शांततेच्या कामासाठी म्हणून दिली होती.

हा निव्वळ दांभिकपणा म्हणावा काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. स्वत: शस्त्रे ठेवून इतरांना संयम शिकविणाऱ्या व्यवस्थेला भारताने अनेक वर्षे विषमता म्हटले, आणि ते खरे होते. मात्र विषमतेवरचा उपाय म्हणून भारताने जे स्वीकारले, ते त्याच्या स्वत:च्या निवेदनानुसार किळसवाणे होते. ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या आण्विक धोरणात प्रथम वापर न करण्याचे वचन आहे, हल्ला झाल्यास प्रचंड व शत्रूला असह्य हानी करणारे प्रत्युत्तर देण्याचा इशारा आहे आणि अण्वस्त्रमुक्त जगाच्या उद्दिष्टाचा पुनरुच्चारही आहे. तिन्ही एकाच निवेदनात.

अपवादाची फट

कौल आला त्याच उन्हाळ्यात, जून १९९६ मध्ये, युक्रेनमधील अखेरची अण्वस्त्रे रशियात पोहोचली. सोव्हिएत वारशाने आलेली सुमारे १,९०० लांब पल्ल्याची अण्वस्त्रे या देशाने सोडली, ती डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट निवेदनातील सीमांच्या आश्वासनावर. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये पूर्ण आक्रमण केले. ती अस्त्रे डागण्याची सूत्रे मॉस्कोकडे होती, हे खरे. पण स्वेच्छेने शस्त्र खाली ठेवण्याचा उपदेश करणाऱ्याला यापुढे युक्रेनचे काय, याचे उत्तर द्यावे लागेल.

दुसरीकडे त्या अपवादाचे काय झाले, तेही पाहावे. रशियाच्या २०१० च्या लष्करी धोरणात राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात आल्यास अण्वस्त्रवापराची तरतूद होती. हेगच्या शब्दांशी तिचे साम्य उघड आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा सार्वभौमत्वाला वा प्रादेशिक अखंडतेला गंभीर धोका, इतकी खाली आणण्यात आली. अस्तित्व धोक्यात आहे की नाही, हे ज्याच्या हाती अस्त्र तोच ठरवितो. न्यायालयाने मौन बाळगले, तिथे सेनापती बोलू लागले.

मार्शल बेटांनी २०१४ मध्ये त्या एकमताच्या परिच्छेदाचा आधार घेऊन नऊ अण्वस्त्रधारी देशांना न्यायालयात खेचले. भारत, पाकिस्तान व ब्रिटन यांच्यापुरतेच दावे पुढे सरकले. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी, दाव्यापूर्वी उभय पक्षांत 'विवाद'च नव्हता, या कारणास्तव ते फेटाळले गेले. भारताच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात मतांनी, ब्रिटनच्या बाबतीत आठ-आठ आणि पुन्हा एकदा अध्यक्षांच्या निर्णायक मताने. पुढच्याच वर्षी १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार स्वीकारला व तो २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. नऊपैकी एकाही अण्वस्त्रधारी देशाने त्यावर सही केलेली नाही. जपाननेही नाही, जरी तेथील बॉम्बपीडितांच्या 'निहोन हिदान्क्यो' या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले.

स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये जगात १२,२४१ अण्वस्त्रे होती. त्यांतील सुमारे १८० भारताची आणि १७० पाकिस्तानची. अणुयुद्धाचे परिणाम नव्याने तपासण्यासाठी आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये २१ शास्त्रज्ञांचे स्वतंत्र मंडळ नेमण्याचा ठराव केला असून त्याचा अहवाल २०२७ मध्ये अपेक्षित आहे.