शाळेची वाट किती लांब असावी?

परवा दवाखान्यात एक नऊ वर्षांचा मुलगा आला होता. सोबत आई आणि आजोबा. वजन वयाच्या मानाने बरंच जास्त, दोन जिने चढला की धाप लागते अशी तक्रार. शाळा किती लांब आहे असं विचारलं, तर घरापासून जेमतेम आठशे मीटर. जातो कसा? व्हॅनने.

हे ऐकताच आजोबा म्हणाले, "डॉक्टर, आम्ही रोज तीन मैल जायचो आणि तीन मैल यायचो. पायात चप्पल नव्हती. काही झालं का आम्हाला?"

आईनेही लगेच उत्तर दिलं, "बाबा, तेव्हा रस्त्यावर एवढे डंपर होते का?"

मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. निवाडा मीच करायचा होता. खरं सांगायचं तर दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं. पण हा प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा बराच जुना आहे. लहान मुलाने शिकण्यासाठी किती चालावं, याचं उत्तर कायदे करणारे, शिक्षक आणि डॉक्टर दीडशे वर्षं शोधत आहेत. म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

जे पोहोचले त्यांचीच गोष्ट उरते

आपल्याकडे शिक्षणासाठी केलेल्या पायपिटीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. कोकणातल्या मुरूडहून १८७५ साली ते एका परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत सह्याद्रीचा घाट. इतकं चालून पोहोचल्यावर परीक्षेला बसूच दिलं नाही, कारण सतरा वर्षांचा हा मुलगा दिसायला फारच लहान वाटला. पुढे याच मुलाने स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलं, त्यांना भारतरत्न मिळालं आणि ते १०४ वर्षं जगले.

ही गोष्ट ऐकली की कुणालाही वाटतं, बघा, चालण्याने माणूस घडतो! डॉक्टर म्हणून मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. एखादं औषध घेऊन जे बरे झाले फक्त त्यांनाच विचारलं, तर ते औषध रामबाणच ठरेल. ज्यांना गुण आला नाही ते सांगायला येतच नाहीत. शाळेच्या वाटेचंही तसंच आहे. तीन मैल चालून जे शिकले, ते आज आजोबा होऊन अभिमानाने ती वाट सांगतात. पण त्याच गावातली जी मुलं चौथीनंतर घरी बसली, ज्या मुलींना 'एवढ्या लांब कशाला पाठवायचं' म्हणून थांबवलं, त्यांची गोष्ट कोण सांगणार? आजोबांना मी विचारलं, "तुमच्या वाडीतून तुमच्याबरोबर किती मुलं जायची?" ते क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "सुरुवातीला आठ होतो. सातवीला मी आणि एक जण. मुलगी एकही नाही."

अंतराचा आकडा कायद्यात आला

इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा झाला. मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती करण्याचा अधिकार त्याने स्थानिक शाळा मंडळांना दिला. पण सक्ती करायची तर पालकांची रास्त सबब कोणती, हेही ठरवावं लागतं. मूल आजारी असणं ही एक सबब होती. दुसरी सबब अंतराची. रस्त्याने मोजून ठरावीक अंतरात शाळा नसेल, तर पालकांना दोष देता येणार नव्हता. हे अंतर जास्तीत जास्त तीन मैल धरता येत होतं. म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. जाऊन येऊन दहा. तेही पाच-सहा वर्षांच्या मुलाने!

मुलं शाळेत येऊ लागली आणि एक वेगळीच गोष्ट उघडी पडली. त्यांतली कित्येक उपाशी, अशक्त आणि आजारी होती. घरात विखुरलेली होती तोवर ती कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती, वर्गात एकत्र बसली तेव्हा दिसली. त्यातच बोअर युद्धासाठी भरतीला आलेले कितीतरी तरुण शरीराने नापास झाले आणि सरकारला जाग आली. १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ साली शाळेतच वैद्यकीय तपासणी सुरू करण्याचा. पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्याने मुलाचं वय लक्षात घेतलं. आठ वर्षांखालच्या मुलासाठी दोन मैल आणि त्यापुढे तीन मैल. शाळा त्याहून लांब असेल तर वाहनाची सोय करायची. हे आकडे तिथे आजही चालू आहेत.

आपल्याकडची वाट

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, ही त्यांची मागणी होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली तसं विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. पण १९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

अंतराच्या प्रश्नावर मात्र आपल्याकडे एक वेगळंच उत्तर सापडलं होतं. मुलाने रोज चालत येण्याऐवजी शाळेजवळच राहावं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी केली. त्या वातावरणात वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. पायपीट ही या मंडळींना गौरवाची गोष्ट वाटली नाही. ती त्यांना दूर करायची अडचण वाटली.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्राथमिक शाळा घरापासून साधारण एका मैलात असावी असं सुचवलं. २००० च्या सुमारास महाराष्ट्रात वस्तीशाळा निघाल्या. वाड्या-वस्त्यांवर, कधी कुणाच्या पडवीत, कधी मंदिरात, तिथल्याच शिकलेल्या तरुणाला शिक्षक करून. आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्याच्या नियमांत स्पष्ट आकडा आहे: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर.

केंद्राच्या नियमांत आणखी एक वाक्य आहे, ते फार कमी पालकांना माहीत असतं. जिथे वाट अवघड आहे, दरडी कोसळतात, पूर येतो, रस्ता नाही किंवा लहान मुलांना धोका आहे, तिथे हे अंतर आणखी कमी धरावं. म्हणजे नकाशावरचा एक किलोमीटर आणि ओढ्यावरच्या साकवावरून जाणारा एक किलोमीटर कायद्यालाही सारखा वाटत नाही.

मुलींचा किलोमीटर

मुलींच्या बाबतीत अंतर फक्त पायांनी मोजलं जात नाही. वाटेत काय आहे, अंधार कधी पडतो, सोबत कोण आहे, यावर आईवडील निर्णय घेतात. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली होती. जिथे शाळा लांब होती तिथे हा फायदा जास्त होता. आपल्या राज्यातही मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो आणि मानव विकास कार्यक्रमातून सायकली आणि निळ्या बसगाड्या दिल्या गेल्या. त्या मुली आळशी नव्हत्या. त्यांच्या आड फक्त वाट येत होती.

आणि शहरात उलटंच झालं

गावातली वाट कमी करण्याची धडपड चालू असताना शहरातली मुलं चालायचीच थांबली. इंग्लंडमध्ये १९७१ साली केलेल्या एका पाहणीत सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० साली तशीच पाहणी पुन्हा केली तेव्हा हे प्रमाण ९ टक्के होतं. अमेरिकेत १९६९ साली ५ ते १४ वर्षांची जवळजवळ निम्मी मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हा आकडा १३ टक्क्यांवर आला. कारण सगळीकडे तेच, जे आमच्या पेशंटच्या आईने सांगितलं: गाड्या. गाड्यांच्या भीतीने आपण मुलाला गाडीत बसवतो, त्यामुळे शाळेसमोर आणखी एक गाडी वाढते आणि दुसऱ्या आईची भीती वाढते.

डॉक्टरचा हिशेब

५ ते १७ वर्षांच्या मुलाने दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक किलोमीटर चालायला लहान मुलाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. जाऊन येऊन अर्धा तास. म्हणजे अर्धा व्यायाम शाळेच्या वाटेवरच झाला. शिवाय ऊन मिळतं आणि डोळ्यांनाही फायदा होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मोकळ्यावर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने चष्मा लागण्याचं (लांबचं न दिसण्याचं) प्रमाण ३० टक्के होतं, बाकीच्या मुलांत जवळजवळ ४० टक्के.

पण अंतर वाढलं की हिशेब बदलतो. तीन किलोमीटर एका वेळेला, म्हणजे रोज सहा किलोमीटर. पंचवीस किलो वजनाच्या मुलाला यासाठी साधारण एका भाकरीइतकी जास्त ऊर्जा लागते. ती भाकरी सकाळी पोटात गेली असेल तर चालणं हा व्यायाम आहे. नसेल तर ती झीज आहे. शाळेतली खिचडी इथे मोलाची ठरते. प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं तिचं माप ठरलेलं आहे. पण ती दुपारी मिळते आणि वाट सकाळी चालायची असते.

अनवाणी चालण्याचं कौतुकही जपून करावं. ओल्या, घाण झालेल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. फिकट पडलेलं, वर्गात पेंगणारं मूल आळशी नसतं, कधीकधी त्याचं हिमोग्लोबिन कमी असतं.

म्हणून माझा सल्ला असा:

- शाळा एक किलोमीटरच्या आत असेल आणि रस्ता बरा असेल, तर मुलाला चालू द्या. नऊ-दहा वर्षांपर्यंत वाहनाच्या वेगाचा अंदाज मुलाला नीट येत नाही, तोवर सोबत मोठं माणूस हवं. चार घरांनी मिळून पाळी लावली तर कुणालाच जड जात नाही.
- पायात चप्पल किंवा बूट हवेत. सकाळी काहीतरी खाऊन निघावं, उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवी.
- दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो, बस्स.
- चालताना धाप, छातीत दुखणं, चक्कर, सतत पाय दुखणं किंवा फिकटपणा असेल तर त्याला 'नाटक' म्हणू नका, तपासून घ्या.
- जवळ शाळाच नसेल तर वाहतुकीची सोय मागणं ही मेहेरबानी नाही. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय जरूर काढा.

गेल्या काही वर्षांत वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा राज्यात होते आहे. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, मोठं मैदान, सोबती मिळतात, हे खरं. पण ज्या वाडीतली शाळा बंद होईल तिथल्या सहा वर्षांच्या मुलीची वाट किती वाढेल, आणि पावसात त्या वाटेवर गाडी खरंच येईल का, हे आधी मोजायला हवं. ते मोजणं हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

आमच्या पेशंटचं काय ठरलं? आजोबांनीच तोडगा काढला. "उद्यापासून मी याला सोडायला जातो. चालत." आईने नातवाआधी सासऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी केली. मी म्हटलं, आठशे मीटर आहे, दोघांनाही मानवेल. पंधरा दिवसांनी दोघांनी वजन करायला यायचं ठरलं आहे.