पांढरी, वतन, सपिंड : शब्दाचा अर्थ आणि न्यायाचा निवाडा

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर, जामनेर तालुक्यात, वाघूर नदीच्या काठी पहूर हे गाव आहे. या एका नावाखाली पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन वस्त्या नांदतात. 'कसबा' हा शब्द मूळ अरबी. दक्षिणेतील सुलतानी व मराठी अमदानीत, बाजार आणि शेटे-महाजन असलेले मोठे गाव केवळ शेतीच्या मौज्यापासून वेगळे दाखवावयाचे असता तो योजीत. 'पेठ' म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती. आज 'कसब्यात' राहणाऱ्याच्या मनात हा भेद मुळीच नसतो. वर्गवाचक शब्दाचे विशेषनाम झाले आहे. शब्दाची अशी वाटचाल भाषाशास्त्राला कुतूहलाचा व साहित्याला रसाचा विषय वाटते. परंतु हाच शब्द न्यायासनापुढे येतो तेव्हा त्याच्या अर्थावर कोणाचे शेत, कोणाचा वारसा आणि क्वचित कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

या प्रश्नाचा विचार भारतीय शास्त्रकारांनी फार पूर्वी केला आहे. अभिधा, लक्षणा व व्यंजना या तीन शक्तींची मांडणी काव्यशास्त्रात दृढ झाली ती नवव्या शतकातील आनंदवर्धन व त्यानंतरचा मम्मट यांच्या ग्रंथांमुळे. परंतु मुख्यार्थ केव्हा सोडावा व लक्ष्यार्थ केव्हा घ्यावा याचे नियम प्रथम बांधले ते मीमांसकांनी. कारण वेदवाक्याचा अर्थ चुकला तर कर्मच चुकणार. मुख्यार्थ संभवत असता लक्षणेचा आश्रय करू नये, आणि शब्दाची व्युत्पत्ती व त्याची रूढी यांत विरोध आल्यास रूढी बलवत्तर मानावी, हे त्यांचे दोन दंडक होत. धर्मशास्त्रकारांनी ते उचलले आणि त्यांच्यामार्फत ते इंग्रजी न्यायालयांपर्यंत येऊन पोहोचले.

खानदेशातील खेड्याच्या भाषेत या नियमांची उदाहरणे विपुल आढळतात. 'काळी' म्हणजे लागवडीची जमीन व 'पांढरी' म्हणजे गावठाण. दोन्ही शब्द मुळात रंगाचे. तापीखोऱ्यातील कपाशीची जमीन काळी खरीच. आणि पिढ्यानपिढ्या मातीची घरे पडून, राख व चुना मिसळून वस्तीची जागा पांढरट होते हेही खरे. पुढे 'पांढरी' या शब्दाने जागेऐवजी तेथे राहणारा लोकसमूह सूचित होऊ लागला. गावाच्या साक्षीने झालेल्या निवाड्यात 'समस्त पांढरी' हजर असते ती या लाक्षणिक अर्थाने. माती साक्ष देत नाही, माणसे देतात. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात 'पांढरी' हे बिगरशेती लोकांवरील कराचे नाव झाले. विशेष असे की, पुरातत्त्वज्ञांनी हा शब्द पुन्हा वाच्यार्थाकडे नेला. खानदेशात १९५५ साली प्रकाशे येथे आणि त्याच दशकात गिरणाकाठच्या बहाळ येथे उत्खनने होऊन ताम्रपाषाणयुगीन वस्त्या उजेडात आल्या. अशी प्राचीन टेकाडे शोधताना गावकरी जिला पांढरी म्हणतात ती माती ही आजही पहिली खूण ठरते.

'वतन' या शब्दाची कथा इतकी सौम्य नाही. अरबीत त्याचा अर्थ जन्मभूमी. दक्षिणेत मात्र वंशपरंपरागत गावकामगारी, तिच्यासाठी लागलेली जमीन आणि तिचे मानपान या सर्वांस मिळून वतन म्हणू लागले. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या रूढार्थाला व्याख्येचे रूप दिले. पाटलाच्या तोंडी 'वतन' म्हणजे प्रतिष्ठा होती. महाराच्या वाट्याला तोच शब्द अल्प मोबदल्यात रात्रंदिवस राबण्याचे बंधन घेऊन आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याचा रोख या विसंगतीवरच होता. पुढे १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी रद्द झाली. हुद्दा गेला, 'वतनदार' हा शब्द उपरोधापुरता उरला.

न्यायदृष्ट्या याहून सूक्ष्म उदाहरण 'सपिंड' या शब्दाचे होय. 'पिंड' याचे दोन अर्थ प्रसिद्ध आहेत : शरीर, आणि श्राद्धात द्यावयाचा भाताचा गोळा. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने पहिला अर्थ घेतला. एकाच देहाचे अवयव ज्यांच्यात अनुवृत्त झाले ते सपिंड. बंगालच्या जीमूतवाहनाने दुसरा अर्थ घेऊन, पिंडदानाने मृतास होणाऱ्या उपकारावर वारसाहक्क उभारला. एका शब्दाच्या दोन अर्थांमुळे देशात दोन दायपद्धती झाल्या. मुंबई इलाख्यात मिताक्षरेच्या जोडीला सतराव्या शतकातील नीलकंठाचा व्यवहारमयूख प्रमाण मानीत. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूख वरचढ. पुणे, अहमदनगर व खानदेश येथे दोन्ही ग्रंथ तुल्यबल, असा न्यायालयांचा कल होता.

शरीरसंबंधाचा हा अर्थ स्वीकारताच एक परिणाम अटळ झाला. विवाहाने पत्नी पतीशी एकशरीर होते असे शास्त्र मानते. मग गोत्रज सपिंडाची विधवाही सपिंड का नसावी? १८७६ साली लल्लूभाई विरुद्ध माणकुवरबाई या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तसे मानले. १८८० साली प्रिव्ही कौन्सिलने तोच निर्णय कायम केला; मात्र केवळ ग्रंथार्थावर विसंबून न राहता पश्चिम हिंदुस्थानातील स्वीकृत रूढीचाही आधार घेतला. अन्य प्रांतांत न मिळणारा वारसा या इलाख्यातील विधवांना मिळाला, तो अशा रीतीने एका शब्दाच्या अर्थनिर्णयातून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा सर्व वाद इतिहासजमा केला.

याच्या उलट, व्युत्पत्तीला रूढीहून वरचढ ठरविल्याने काय घडते, हे १८९७ च्या टिळक-खटल्यात दृष्टोत्पत्तीस आले. 'केसरी'च्या १५ जून १८९७ च्या अंकातील शिवाजी-उत्सवाचा वृत्तान्त व 'शिवाजीचे उद्गार' ही कविता यांवर राजद्रोहाचा आरोप होता. कलम १२४-अ मधील अप्रीतिवाचक इंग्रजी शब्दाचा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्याच्या घटकांवरून लावला : प्रीतीचा अभाव तोच द्रोह. रूढीप्रमाणे तो शब्द बेइमानी व शत्रुत्व दर्शवितो, हे बाजूस राहिले. कवितेच्या बाबतीत मात्र नेमकी उलट रीत अवलंबिली गेली. तेथे वाच्यार्थ ऐतिहासिक पुरुषाच्या मुखातील उद्गारांचा होता. न्यायालयाने व्यंग्यार्थ ग्राह्य धरला. कायद्याचे वाचन अक्षरशः आणि काव्याचे ध्वनीने, या दुहेरी मापाने सहा विरुद्ध तीन अशा ज्यूरीच्या मतांवर अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. काव्याला व्यंग्यार्थ असतो हे कोणीही नाकारणार नाही. दोष आहे तो एकाच निवाड्यात दोन कसोट्या वापरण्यात. पुढील वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती होऊन द्रोहनिष्ठा व शत्रुत्वाच्या भावना यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसेस वा सार्वजनिक अव्यवस्थेस चिथावणीपुरते ते कलम मर्यादित केले. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच बदलली.

साहित्याला असे संकट नसते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी चूल, तवा, नांगर, मोट या रोजच्या वस्तूंतून संसाराचे दर्शन घडविले. त्या निरक्षर होत्या; त्यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली. तेथे वाच्यार्थ जितका ठसठशीत, तितका लक्ष्यार्थ समृद्ध, आणि दोन्ही एकाच वेळी खरे.

व्यवहारात मात्र निवड करावी लागते. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा व बारा हा पिकांच्या नोंदीचा. या दोन आकड्यांच्या जोडीतून 'सातबारा' हा शब्द झाला, आणि आज तो जमिनीच्या मालकीचेच नाव होऊन बसला आहे. 'सातबारा कोरा करा' ही मागणी पहूरच्या बाजारात कोणीही कर्जमुक्ती अशा अर्थानेच समजतो. अक्षरशः कोरा सातबारा म्हणजे मालकाचे नावच नसलेला कागद, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. रूढीने वाच्यार्थ पार झाकला आहे. परंतु या सोयीच्या लक्षणेत एक धोका आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. ती स्वतः मालकी निर्माण करीत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर भावांचीच नावे लागली, म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही; आणि नाव लागले म्हणून नसलेला हक्क उत्पन्नही होत नाही. चिन्हालाच वस्तू मानण्याची भाषेची सवय काव्यात अलंकार ठरते. तलाठ्याच्या दप्तरापुढे उभ्या असलेल्या स्त्रीला मात्र त्या चिन्हामागील अर्थ कोणीतरी वेळीच सांगणे अगत्याचे असते.