शब्दाची लांबी कोण मोजतो?



शब्दाची लांबी मोजणे हे पहिलीतल्या मुलाचे काम वाटते. बोट ठेवायचे आणि अक्षरे मोजायची, झाले! पण हेच काम संगणकाला शिकविताना जाणत्या माणसांची साठाहून अधिक वर्षे गेली. ती हकीकत आज सांगायची आहे.

संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात. एकापुढे एक मांडलेले नुसते आकडे असतात. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा. त्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. शब्द संपला कोठे? आणि एक अक्षर म्हणायचे तरी कशाला?

पहिला प्रश्न आधी घेऊ. १९५७ साली अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय. बी. एम. कंपनीत फोर्ट्रान ही भाषा तयार केली. तीत एखादा शब्द छापायचा, तर अक्षरे माणसानेच मोजायची. आधी आकडा, मग एच हे अक्षर आणि मग शब्द. हा एच म्हणजे हर्मन हॉलरिथ. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत भोके पाडलेली कार्डे मोजण्याचे यंत्र आणले, तेच हे गृहस्थ. माणसाची मोजणी एकाने चुकली, की शेवटचे अक्षर बाहेर राही, नाहीतर पुढचे चिन्ह शब्दात ओढले जाई.

पुढे दोन रीती पडल्या. त्या आगगाडीवरून चटकन ध्यानात येतील. गाडीला डबे किती, हे इंजिनावरच लिहून ठेवता येते. किंवा फुलीची खूण असलेला शेवटचा डबा येईपर्यंत मोजत जाता येते. मार्टिन रिचर्ड्स यांच्या १९६७ च्या बी. सी. पी. एल. भाषेत पहिली रीत होती. शब्दाच्या आरंभीच संख्या. पण त्या संख्येला जागा लहान. आठ बिटांच्या घरात २५५ च्या वरचा आकडा मावत नाही. म्हणून बेल प्रयोगशाळेतल्या केन टॉम्प्सन यांनी आपल्या बी भाषेत शेवटी खूण ठेवण्याची रीत घेतली. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी भाषा रचली, तेव्हा ती खूण शून्य ठरली. संगणक पहिल्या घरापासून चालत निघतो, शून्य भेटले की थांबतो आणि किती घरे चाललो ते सांगतो. शून्य स्वतः मोजणीत नाही. पण त्याला जागा मात्र द्यावी लागते.

सोय मोठी, पण धोकाही तितकाच. खूण पुसली गेली, तर चालणारा थांबणार कसा? तो शेजारच्या घरांत शिरतो. आणि आलेला मजकूर किती लांब आहे, हे कोणी पाहिलेच नाही तर? २ नोव्हेंबर १९८८ रोजी हे जगाने पाहिले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम अमेरिकेतल्या हजारो संगणकांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक अशी: मजकूर घेणाऱ्या एका प्रोग्रामने ५१२ घरे राखली होती, पण ओळ संपेपर्यंत घेत राहायचे, लांबी विचारायची नाही, अशी त्याची चाल. मॉरिसने ५३६ घरांचा मजकूर धाडला. जास्तीचा मजकूर शेजारच्या सूचनांवर सांडला आणि संगणक परक्याचे हुकूम पाळू लागला. मजकूर घेण्याची ती बेफिकीर रीत सी भाषेतून काढून टाकायला २०११ साल उजाडले.

आता दुसरा प्रश्न, आणि तो आपल्या घरचा. इंग्रजीचे एक अक्षर एका घरात, म्हणजे एका बाइटात, मावते. म्हणून तेथे घरे मोजली की अक्षरे मोजल्यासारखे होते. आपले तसे नाही. 'स्वातंत्र्य' हा शब्द घ्या. अभंगाची अक्षरे मोजणारे गुरुजी सांगतील: स्वा, तं, त्र्य, तीन अक्षरे. पण १९९१ साली आलेल्या युनिकोड या जागतिक पद्धतीत स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार अशी एकेक खूण वेगळी असते. त्या भरतात ११. शिवाय टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली काढलेल्या यू. टी. एफ. ८ या मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. म्हणजे घरे झाली ३३!

हा नुसता पंडिती वाद नाही. भ्रमणध्वनीवरच्या साध्या संदेशात १४० बाइटांची जागा असते. तीत इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, देवनागरीच्या खुणा मात्र ७०. एकटा 'स्वातंत्र्य' त्यांतल्या ११ खातो. तोच निरोप मराठीत लिहिला, की पुष्कळदा दोन तुकड्यांत जातो. अर्जावर नावासाठी मोजकी घरे ठेवणाऱ्याने हा हिशेब केला नाही, तर नाव मध्येच तुटते.

माणूस ज्याला एक अक्षर म्हणतो, ते ओळखण्याचे नियमही युनिकोडने केले. पण त्या नियमांनी जोडाक्षर हलन्तापाशी तुटे. 'स्वातंत्र्य'चे सहा तुकडे होत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीचे जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आला, आणि त्या हिशेबाने उत्तर आले तीन. गुरुजींचेच उत्तर!

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा शब्द फळ्यावर लिहून मुलांना लांबी विचारा. तीन, सहा, अकरा, तेहतीस. चारही उत्तरांना आपापले माप आहे. मुलांना एवढेच शिकवा की, 'किती?' याच्या आधी 'काय मोजायचे?' हे विचारावे. उद्या त्यांतलेच कोणी संगणकाचे प्रोग्राम लिहील, आणि त्याच्या अर्जात आपल्या लोकांची नावे पुरी मावतील.