अंगणातल्या किल्ल्यात तोफेपाशी कोण?

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायची रीत मुळात पुणे-साताऱ्याकडची. उमरीत आमच्या गल्लीत ती नोकरीनिमित्त तिकडून आलेल्या कुटुंबांनी आणली. दगड-विटा रचायच्या, वर भिजवलेलं पोतं अंथरायचं, चिखल थापायचा आणि अळीव नाहीतर मोहरी पेरायची. आमची काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून पोरं तिच्यात मुरूम कालवतात. चार दिवसांत हिरवळ धरते. रस्त्याने जाणारा माणूस सायकलवरून उतरून बघतो, तेवढंच पोरांचं बक्षीस.

चिखल कालवायला आमची पोरंही असतात. चित्रं मांडायची वेळ आली की मात्र वर महाराज, बुरुजांवर मावळे आणि पायथ्याशी दाढीवाले शत्रू. माझ्या मुलाने विचारलं, "अब्बू, आपले लोक सगळे खालीच होते का?"

प्रश्न लहान आहे, उत्तर आपल्या मराठवाड्याच्या मातीतच आहे. पोरं करतात ते डोंगरी किल्ले. आपल्याकडचे कंधार, उदगीर, औसा, परांडा हे भुईकोट. डोंगर नाही, म्हणून खंदक आणि तटाची भिस्त. कंधार राष्ट्रकूटांच्या काळापासून नावाजलेलं, पुढे बहमनींकडे, मग निजामशाहीकडे गेलं. 1631 मध्ये ते मोगलांनी घेतलं आणि 1636 मध्ये खान दौरानने उदगीर, औसाही घेतले. या लढायांत तटाच्या आतही मुसलमान होते, बाहेरही. शहाजीराजे काही काळ मोगलांच्या चाकरीत होते, नंतर त्यांनीच निजामशाहीचा बाल सुलतान गादीवर बसवून 1636 पर्यंत मोगलांशी झुंज दिली. यात 'आपले' आणि 'त्यांचे' धर्मावरून वेगळे काढून दाखवा बरं!

परांड्याचीच गोष्ट घ्या. मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाराने ओतली. ती परांड्याच्या किल्ल्यात होती. 1632 मध्ये ती विजापूरला नेली मुरार पंडितांनी, म्हणजे आदिलशाहीच्या ब्राह्मण सरदाराने. आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. ओतणारा रूमी, नेणारा पंडित! शिवाजी महाराजांच्या आरमारातही दौलतखान नावाचा सरदार होता, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतं.

मुलाला मी सांगितलं ते मात्र उदगीरचं. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरजवळ सदाशिवराव भाऊंनी निजामाला नमवलं. अहमदनगर, दौलताबाद, बुऱ्हाणपूर, विजापूर असा सुमारे साठ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. त्या विजयात मोठा वाटा होता तोफखान्याचा आणि तो तोफखाना होता इब्राहिमखान गारद्याचा. आधी हाच माणूस निजामाच्या चाकरीत होता.

वर्ष पुरतं उलटायच्या आत, 14 जानेवारी 1761 ला, पानिपतावर मराठ्यांच्या डाव्या बगलेवर त्याचे गारदी लढत होते. समोर अब्दाली, रोहिले, अवधचा नवाब, सगळे त्याचेच धर्मबंधू. इब्राहिमखान जागचा हलला नाही. जखमी होऊन तो अफगाणांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याला मारलं.