एका तेल कंपनीसाठी बनलेला कायदा

मागच्या आठवड्यात एका मित्राचा मेसेज आला. फ्रीलान्सिंग करतो, क्लायंट सगळे अमेरिकेतले. "अरे, वायोमिंगमध्ये एलएलसी काढली. शंभर डॉलर सरकारी फी, घरबसल्या काम झालं." मी विचारलं, टॅक्सचं काय? तर म्हणे, वायोमिंगमध्ये इन्कम टॅक्सच नाही!

ते खरंय. पण एलएलसी कशी जन्माला आली हे बघितलं, की घोळ कळतो.

हॅमिल्टन ब्रदर्स नावाची अमेरिकन तेल कंपनी होती. परदेशातल्या कामासाठी ती पनामातली 'लिमिटाडा' वापरायची. आपल्या देशातही तसंच काहीतरी असावं, असं तिला वाटलं. कारण साधं होतं. कॉर्पोरेशन काढलं तर नफ्यावर आधी कंपनी टॅक्स भरते आणि तोच नफा लाभांश म्हणून वाटला की भागधारकाला पुन्हा भरावा लागतो. भागीदारीत टॅक्स एकदाच, पण धंदा बुडाला तर देणेकरी थेट घरापर्यंत येतात. यांना दोन्हीतलं चांगलं तेवढं हवं होतं.

आधी अलास्काच्या विधिमंडळात प्रयत्न केला, तिथे जमलं नाही. 1977 मध्ये वायोमिंगने कायदा करून दिला. म्हणजे रजिस्ट्रेशनचा प्रश्न सुटला. पण टॅक्स वसूल करतं केंद्र सरकार, आणि त्यांचं आयआरएस राज्याने दिलेल्या नावाकडे बघत नाही. त्यांची चार लक्षणांची कसोटी होती: मर्यादित जबाबदारी, सदस्य गेला तरी संस्था चालू राहणं, केंद्रित व्यवस्थापन आणि हिस्सा मोकळेपणाने विकता येणं. चारपैकी दोनपेक्षा जास्त जुळली, की कॉर्पोरेशन. (कोड लिहिणाऱ्यांनो, चक्क इफ-एल्स!)

1980 मध्ये आयआरएसने हॅमिल्टनपुरता भागीदारीचा निर्वाळा दिला. त्याच सुमारास उलट्या अर्थाचा मसुदाही काढला: कुणीच सदस्य वैयक्तिक जबाबदार नसेल तर ते कॉर्पोरेशनच. तो पुढे मागे घेतला, पण धाकधूक राहिली. एवढ्या वर्षांत फक्त फ्लोरिडाने, 1982 मध्ये, वायोमिंगची वाट धरली. 1988 मध्ये आयआरएसने वायोमिंगची एलएलसी टॅक्सपुरती भागीदारी आहे असं सगळ्यांसाठी जाहीर केलं, आणि मग रांगच लागली. 1996 पर्यंत पन्नासही राज्यांत कायदा झाला. 1 जानेवारी 1997 पासून ती कसोटीही गेली. कुठला टॅक्स लावून घ्यायचा ते आता फॉर्मवर टिक करून ठरवायचं.

काहीच टिक केलं नाही तर? एकाच मालकाची एलएलसी आयआरएसच्या लेखी वेगळी नसतेच, उत्पन्न मालकाचं. माझा मित्र तर पुण्यात राहतो. भारतात रहिवासी असलेल्या माणसाला जगभरच्या कमाईवर इथे टॅक्स लागतो. (आपल्या 2008 च्या कायद्यातली एलएलपी याच्या उलट: टॅक्स एलएलपी स्वतः भरते, भागीदाराच्या नफ्याच्या वाट्यावर पुन्हा लागत नाही.)

आणि अमेरिकेत टॅक्स शून्य निघाला तरी, मालक परदेशी असेल आणि त्याने एलएलसीत पैसे घातले किंवा काढले असतील, तर दरवर्षी फॉर्म 5472 भरावा लागतो. नाही भरला तर दंड 25,000 डॉलर. ज्या वेबसाइटवरून त्याने रजिस्ट्रेशन केलं, तिथे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

फॉर्मचा नंबर त्याला पाठवलाय. निळ्या टिक आल्यात, उत्तर अजून नाही.