मटार आणि रस्सा : गोठवलेल्या अन्नाच्या दोन गोष्टी

मागच्या व्याख्यानात आपण डबाबंद अन्नापाशी थांबलो होतो. आज थंडीकडे वळू.

समोरच्या टेबलावर आम्ही दोन पाकिटं ठेवली आहेत. एकात गोठवलेले मटार, दुसऱ्यात रश्श्यासकट शिजवलेली तयार भाजी, फक्त गरम करायची. मटारच्या पाकिटावर घटकपदार्थांची यादी एका शब्दात संपते : मटार. दुसऱ्या पाकिटावर ती बारीक अक्षरांत दहाबारा ओळी चालते, मध्ये मध्ये आकडे येतात, आणि पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. हे वाक्य खरं आहे, पण त्याने सांगितलं मात्र काहीच नाही. उणे १८ अंशांवर जिवाणूंची वाढ थांबते. गोठवलेलं अन्न टिकवायला वेगळं रसायन लागतच नाही, थंडी हेच त्याचं प्रिझर्व्हेटिव्ह. मग ही यादी इतकी लांबली कशासाठी? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासात आहे.

पहिली गोष्ट मटारची. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला माणूस १९१२ च्या सुमारास कॅनडाच्या टोकाला लॅब्राडोरमध्ये गेला, तो फरच्या व्यापारासाठी. तिथे कडाक्याच्या हिवाळ्यात इन्युइट लोक मासा बर्फातून वर काढत, आणि वाऱ्यावर तो बघता बघता दगडासारखा होई. महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. इन्युइटांना यात नवल काहीच नव्हतं, पिढ्यान् पिढ्या ते हेच करत होते. बर्ड्सआयला मात्र प्रश्न पडला, की अमेरिकेतला गोठवलेला मासा इतका चोथट का लागतो?

फरक वेगाचा होता. अन्न सावकाश गोठलं की आतल्या पाण्याचे मोठे, धारदार स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात, मग वितळताना सगळा रस बाहेर येतो. झपाट्याने गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेला टोमॅटो वितळल्यावर लगदा का होतो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. बर्ड्सआयने १९२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावात अतिथंड धातूच्या पट्ट्यांमध्ये अन्नाची पाकिटं दाबून गोठवणारं यंत्र बसवलं. १९२९ मध्ये धंदा विकला गेला, किंमत होती सुमारे सव्वादोन कोटी डॉलर. ६ मार्च १९३० रोजी त्याच राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात अठरा दुकानांतून हे अन्न किरकोळ विक्रीला आलं.

भाज्यांच्या बाबतीत एक अडचण उरली होती. नुसते गोठवलेले मटार काही आठवड्यांत वाळल्या गवतासारखे वास मारायला लागत. जिवाणू थांबले तरी दाण्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात. उपाय म्हणजे गोठवण्याआधी दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढायचे. जानेवारीत मटार स्वस्त झाले की आपल्या घरांतही हेच चालतं : सोलायचे, उकळत्या पाण्यात टाकायचे, लगेच गार पाण्यात, आणि मग डब्यात. या उकळीत क जीवनसत्त्वाचा काही भाग पाण्यात जातो. पण त्यानंतरची घट अगदी सावकाश होते. उलट शेतातून निघालेला मटार ट्रक, बाजारसमिती, हातगाडी असा दोनचार दिवस फिरतो तेव्हा तो रोज थोडं थोडं गमावत असतो. तेव्हा ‘फ्रोझन म्हणजे निःसत्त्व’ हे मटारच्या बाबतीत टिकत नाही. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट : पाकीट हलवून बघा. दाणे सुटे वाजले पाहिजेत. सगळ्यांचा एकच गोळा झाला असेल तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलं आहे. वीज जाणाऱ्या गावांत ही तपासणी लेबलापेक्षा जास्त उपयोगी.

आता दुसरी गोष्ट, रश्श्याची. इथे आपण जरा जास्त वेळ थांबू.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत लष्करी विमानांतल्या प्रवाशांसाठी गोठवलेली तयार ताटं बनू लागली होती. ती कल्पना घराघरांत नेली ती नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातल्या स्वॉन्सन कंपनीने. १९५४ साली तिचं ‘टीव्ही डिनर’ देशभर विकलं जाऊ लागलं. ॲल्युमिनियमचं तीन कप्प्यांचं ताट, त्यात टर्की, तिच्यावर ग्रेव्ही, बाजूला रताळं आणि मटार, किंमत ९८ सेंट. ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटं ठेवलं की जेवण तयार. याचं श्रेय नक्की कोणाचं, यावर पुढे बरेच वाद झाले. ते आपण सोडून देऊ, कारण खरा पेच ताटाचा नव्हताच. तो ग्रेव्हीचा होता.

कढी फुटते हे तुम्ही पाहिलं आहे. गोठवलेली ग्रेव्ही अशीच फुटते. गव्हाच्या किंवा मक्याच्या पिठाने घट्ट केलेला रस्सा गोठवून वितळला की पिठातले स्टार्चचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी बाहेर ढकलतात. वर पाणी, खाली गुठळ्या. अमेरिकी कृषी खात्याची कॅलिफोर्नियात ऑल्बनी इथे प्रयोगशाळा होती. तिथे हेलन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास एकामागून एक पिठं तपासली. चिकट तांदळाचं पीठ वापरलं तर ग्रेव्ही महिनोन् महिने फुटत नाही, असं त्यांना आढळलं. कारण त्या स्टार्चची घडणच वेगळी, त्यातले रेणू फांद्याफांद्यांचे असतात आणि ते सहज एकमेकांना चिकटून बसत नाहीत. पुढे कारखान्यांनी हाच गुण साध्या स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करून मिळवला. आज पाकिटावर तुम्ही १४२२ किंवा १४४२ असे आकडे वाचता, ते हे बदललेले स्टार्च. ४१५ म्हणजे झँथन गम, ४०७ म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेलं कॅरेजीनन. काम तेच, पाणी धरून ठेवायचं. ४५० ते ४५२ हे फॉस्फेट. ते कोळंबीत पाणी धरतात आणि बटाट्याच्या फ्राइजना काळपट पडू देत नाहीत. आणि ३०० बघून दचकू नका, ते क जीवनसत्त्वच आहे.

आता यादी उलगडते. यातलं जवळपास काहीच अन्न ‘टिकवण्यासाठी’ नाही. शिजवलेला पदार्थ थंडीतून जाऊन परत येताना जे मोडतं, ते सांधण्यासाठी आहे. मटार कच्च्या रूपात जातो, म्हणून त्याला डागडुजी लागत नाही. रश्श्याला लागते.

रंगरूप सांधता आलं, चवीचं काय? शिजवून ठेवलेलं मांस पुन्हा गरम केलं की त्याला शिळा वास येतो, मसाल्याचा ताजेपणा उतरतो. त्यावर सगळ्यात स्वस्त इलाज मीठ. आणि इथे आपल्याला कायद्याकडे यावं लागेल.

१९५० पासून अमेरिकेत जेम्स डिलेनी या काँग्रेस-सदस्याच्या समितीने अन्नातल्या रसायनांवर सुनावण्या घेतल्या. त्यातून १९५८ चा कायदा झाला. तोवर एखादं मिश्रण घातक आहे हे सरकारने सिद्ध करायचं असे, आता ते सुरक्षित आहे हे उत्पादकाने सिद्ध करायचं असं ठरलं. मोठाच पालट होता तो. पण जुन्या, सर्वांच्या वापरातल्या पदार्थांना यातून सूट मिळाली. त्या सूट मिळालेल्यांत मीठही होतं. म्हणजे पहारा बसला तो अनोळखी नावांवर, आणि ओळखीचं मीठ फाटकातून निवांत आत गेलं. १९७८ मध्ये तिथल्या एका ग्राहकसंस्थेने ही सूट काढून घ्यावी असा अर्ज केला. सूट कायम राहिली.

गंमत अशी की पुढचं वळणही ओमाहातलंच. तिथल्याच कॉनॅग्रा या कंपनीच्या प्रमुखाला १९८५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, आणि त्यानंतर कंपनीने कमी मीठ, कमी चरबीची गोठवलेली जेवणं बाजारात आणली. १९९० मध्ये अमेरिकेत पोषणतक्ता सक्तीचा करणारा कायदा झाला, आणि सोडियमचा आकडा प्रत्येक खोक्यावर आला. ‘हेल्दी’ हा शब्द वापरायचा तर एका जेवणात ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम नको, असा नियम झाला. ही मर्यादा पुढे ४८० वर आणायची असंही ठरलं होतं. आणली गेली नाही. इतक्या कमी मिठात चव राखता येत नाही असं उत्पादकांचं म्हणणं पडलं, आणि २००५ मध्ये ६०० चाच आकडा कायम झाला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक कबुली हीच आहे. थंडीने हिरावलेली चव मिठाशिवाय परत आणता येत नाही, हे यात सरळ मान्य केलेलं आहे.

आपल्याकडे अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. सोडियमची ओळ तक्त्यात सक्तीची झाली ती २०२० च्या लेबल-नियमांनी. वनस्पती तुपातून येणाऱ्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. गोठवलेले पराठे आणि समोसे घेणाऱ्यांसाठी ती महत्त्वाची. न्यू जर्सीत राहणारी आपली मंडळी देशी दुकानातून फ्रोझन पुरणपोळी आणि खोवलेला नारळ आणतात. त्यांनी या दोन्हींच्या याद्या शेजारी ठेवून बघाव्यात. नारळ मटारच्या गोष्टीतला आहे. पुरणपोळी कोणत्या गोष्टीतली, ते त्या त्या पाकिटावर ठरतं.

आता हे दुसरं पाकीट पुन्हा हातात घेऊ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम सोडियमच्या आत. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. समजा तक्त्यात १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅम लिहिलं आहे. पाकीट ३०० ग्रॅमचं. एकट्या माणसाने संपवलं, आणि संपतंच, तर १२०० मिलिग्रॅम, म्हणजे तीन ग्रॅम मीठ. लोणचं आणि पापड अजून ताटात आलेलेच नाहीत. आम्ही विचारतो तेव्हा बहुतेक जण ४१५ या आकड्याला घाबरलेले असतात, आणि ही सोडियमची ओळ त्यांनी वाचलेलीच नसते.

पाकिटं आम्ही आता पहिल्या रांगेत देतो, हातोहात मागे पाठवा. मटारचं लवकर परत द्या, वितळतंय. तोवर प्रश्न घेऊ.